डोंगर दिसतो, पण दाखवतो कोण?

मावळातल्या कुठल्याही शाळेत जा, चौथी-पाचवीच्या पोरांना कोरा कागद द्या आणि 'निसर्गचित्र काढा' म्हणा. थोड्या वेळात वर्गभर एकच चित्र तयार होतं. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या बेचक्यात अर्धा सूर्य, सूर्याखालून निघालेली नदी, काठावर कौलारू घर, घराला खेटून नारळाचं झाड. वर्गाच्या खिडकीतून त्या वेळी लोहगड दिसत असतो. सपाट माथ्याचा, एका अंगाला विंचूकाट्याची लांब सोंड सोडलेला. शेजारी त्याहून पसरट विसापूर. त्रिकोणी डोंगर हवाच असेल तर पवनेच्या बाजूला तुंग आहे, अगदी कोनात बसवल्यासारखा. पण पोरांच्या कागदावरचा डोंगर तुंगही नसतो. आणि नारळ? मावळच्या रानात ऐन, हिरडा, जांभूळ, करवंदाच्या जाळ्या. नारळ इथं शोधत हिंडावा लागतो.

कामशेतच्या पट्ट्यातल्या शाळांमध्ये चित्रकला शिकवता शिकवता मी निवृत्त झाले. हे चित्र बदललं नाही. आधी ते थोरल्या भावाच्या वहीतून यायचं, मग बाजारातल्या चित्रकलेच्या पुस्तकातून, आता मोबाइलवरच्या 'सोप्या निसर्गचित्रा'तून. गंमत म्हणजे याच पोरांना रात्री कुठल्या पायवाटेनं पाड्यावर जायचं, कुठल्या ओढ्याला पहिल्या पावसात खेकडे सापडतात, हे पाठ असतं. डोंगर त्यांच्या पायांना माहीत आहे. कागदावर तो उतरत नाही, कारण 'हा डोंगर बघण्यासारखा आहे' असं त्यांना कुणी मोठ्या माणसानं सांगितलेलंच नाही.

मूल आईबापांमुळे आणि परिसरामुळे घडतं, हे वाक्य पालकसभेत सगळेच ऐकवतात. ते एवढ्यावर सोडलं तर फसवं आहे. परिसर नुसता असून भागत नाही. लोहगडाच्या पायथ्याशी जन्मून लोहगड न पाहिलेली माणसं मी ढिगानं पाहिली आहेत. मोठी माणसं एखाद्या गोष्टीकडे बोट दाखवतात, ती स्वतः हातानं करतात, तिचं मोल मानतात, तेव्हा कुठे ती गोष्ट मुलाच्या परिसरात येते. बाकीचं सगळं नुसतं आजूबाजूला पडलेलं असतं.

माझंच सांगते. आमचं घर नाणे मावळात. आईचं माहेर पवन मावळात. ते गाव पवना धरणाच्या पाण्याखाली गेलं. आई सारवायला बसली की मी उंबऱ्यावर. शेणाच्या काल्यात बुडालेला तिचा पंजा अर्धगोल फिरायचा आणि जमिनीवर बोटांच्या रेघांची कमान उमटायची. तिला लागून दुसरी, मग तिसरी. मागे सरकत सरकत ती दारापर्यंत यायची. चुलतीच्या कमानी बारक्या आणि दाट, आईच्या ऐसपैस. अंगण पाहून कुणीही सांगावं, आज कुणाची पाळी होती. मला तिनं सारवण शिकवलं असं म्हणता येणार नाही. 'बस आन् बघ' म्हणायची. हात घातलाच तर एवढंच सांगायची, 'मनगट नको हलवू, खांद्यातून फिरव.' पुढे ए.टी.डी.ला, म्हणजे कलाशिक्षक पदविकेला, गेले तेव्हा सरांनी पहिल्या महिन्यातच सांगितलं की लांब रेघ मनगटातून नाही, खांद्यातून काढायची. वर्गातल्या पोरी हात दुखेपर्यंत सराव करत होत्या. माझा तो धडा अंगणातच होऊन गेला होता.

वडील रेल्वेत कीमन होते, खंडाळ्याच्या घाटात. हातोडी घेऊन रुळांच्या कडेनं चालायचं, ठोकत जायचं, आवाज बदलला की थांबायचं. सुटीत मला थोडं अंतर सोबत नेत. 'ऐक,' म्हणायचे, 'ह्यो बोलतोय आन् ह्यो गप हाय.' मला काही फरक कळायचा नाही. पण कान देऊन ऐकणारा माणूस कसा उभा राहतो, हे मी पाहिलं. वर्गात वस्तुचित्र शिकवताना मुलांना मी आधी पेन्सिल खाली ठेवायला सांगायचे आणि नुसतं बघायला लावायचे. ती सवय मला कुठल्याही अभ्यासक्रमानं लावलेली नाही.

हे सगळं माझ्या घरचं म्हणून सोडून दिलं असतं, पण वाचता वाचता नायजेरियातल्या इग्बो लोकांच्या कलेपाशी पोचले आणि थबकले. इग्बो बायका 'उली' नावाची चित्रं काढत. रानातल्या शेंगांचा रस काढून अंगावर, मातीचे रंग घेऊन घराच्या भिंतीवर. वेटोळं घातलेला साप, कोला फळाच्या पाकळ्या, चंद्रकोर. बारीक, वळणदार रेघ आणि भोवती भरपूर मोकळी जागा. अंगावरची उली आठवडाभरात फिकी पडे, भिंतीवरची पावसात धुऊन जाई. पुन्हा काढायची. आमच्या सारवणासारखीच, न टिकणारी आणि म्हणूनच सतत करत राहायची कला. शाळा नाही, परीक्षा नाही. लेकी आयांच्या शेजारी बसून शिकायच्या.

या लोकांत 1933 साली उचे ओकेके नावाचा चित्रकार जन्मला. त्याचं बालपण इग्बो मुलखापासून दूर, नायजेरियाच्या उत्तर भागात गेलं. झारियाच्या महाविद्यालयात तो युरोपीय पद्धतीची चित्रकला शिकला. 1958 साली तिथल्याच सोबत्यांबरोबर त्यानं कलाकारांचा एक गट उभा केला. त्यांचं म्हणणं असं की बाहेरचं जे उपयोगाचं ते घ्या, पण पाय आपल्या मातीत ठेवा. आता आपली माती म्हणजे नेमकं काय? ओकेकेला ते कुठल्या संग्रहालयात सापडलं नाही. त्याची आई उली काढायची. शिकूनसवरून मोठा झालेला हा मुलगा आईकडून रेघ शिकला आणि तीच रेघ त्यानं शाईनं कागदावर आणली. बियाफ्राचं यादवी युद्ध 1970 मध्ये संपल्यावर तो न्सुक्काच्या विद्यापीठात शिकवू लागला, आणि उलीच्या रेघेतून चित्रकारांची एक अख्खी पिढी तिथं उभी राहिली. घरात भिंतीवर चाललेलं बायकांचं काम विद्यापीठाचा अभ्यास झालं, कारण एका मुलानं आईच्या हाताकडे परत वळून पाहिलं.

एवढ्या लांब जायचं कारण नाही, आपल्याकडेही हेच घडलं आहे. डहाणूकडच्या वारली घरांत लग्नाचा चौक लिहायचा मान सवाशिणींचा. जिव्या सोमा म्हसे या पुरुषानं ती चित्रं हाती घेतली, सत्तरच्या दशकात कागदावर आणली आणि जगभर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची मुलंही चित्रं काढू लागली. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातल्या परशुराम गंगावणे यांनी चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या जपल्या, गोठ्यातच संग्रहालय केलं, मुलांना त्यात ओढलं. 2021 मध्ये त्यांनाही पद्मश्री मिळाली. या घरांतल्या मुलांना कलेचा वेगळा तास नव्हता. कला घरात चाललेली होती आणि मूल घरात होतं.

मावळात काय होतं? जातं होतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी ऐंशीच्या दशकात मुळशी-मावळच्या डोंगरी गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे महाराष्ट्रभरातून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. 2017 पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या वाचायला आणि ऐकायला मिळतात. त्यांत लेकाला राघू म्हणतात, लेकीला मैना. मांडीवर मूल घेऊन पहाटेच्या अंधारात आई दळायची, आणि त्या मुलाच्या कानात नात्यांचा, देवांचा, सासरच्या जाचाचा, गावच्या डोंगरांचा सगळा पसारा गाण्यातून पडायचा. बाईचं दुःख बाईनं मोठ्यानं म्हणायची ती जागा होती. अक्षरओळख नसलेल्या बायांनी पोरांच्या कानांवर भाषेचा संस्कार केला तो असा.

लगेच सांगून टाकते, मला जातं परत नको आहे. गिरणी आली तेव्हा आईनं देवाला नारळ फोडला होता. जातं म्हणजे पहाटे चारला उठणं आणि खांदे भरून येणं. पण जातं गेलं त्याबरोबर आईचा आवाज घरातून गेला, आणि त्या जागी आपण काय ठेवलं, हा प्रश्न विचारायला हवा. आज पहाटे घरात पहिला आवाज मोबाइलचा असतो.

तळेगाव दाभाड्याचं एक घर याबाबतीत मला फार शिकवून जातं. गोपाल नीलकंठ दांडेकर, म्हणजे आपले गोनीदा, तिथं राहिले. ते काही वंशपरंपरेनं घडलेले नव्हते. 1916 साली परतवाड्याला जन्मले, तेराव्या वर्षी स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीनं घर सोडलं, गाडगे महाराजांच्या सहवासात राहिले, नर्मदेची परिक्रमा केली. त्यांना घडवलं ते रस्त्यानं आणि रस्त्यावर भेटलेल्या माणसांनी. असा माणूस मावळात स्थिरावला आणि त्यानं आमच्याच डोंगराकडे बोट दाखवलं. तुंगीचा हवालदार धोंडी आणि मुंबई सोडून राजमाचीच्या माचीवर परतलेला म्हातारा बुधा त्यांच्या कादंबऱ्यांत आले, तेव्हा मावळातल्या वाचकांना पहिल्यांदा वाटलं की आपली टेकाडं पुस्तकात शोभतात.

घरात याचं काय झालं पाहा. त्यांची लेक वीणा देव मराठीच्या प्राध्यापक झाल्या. वडिलांवर त्यांनी 'आशक मस्त फकीर' लिहिलं. पती विजय देव यांच्यासह वडिलांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन त्या वर्षानुवर्षं करत राहिल्या. पुढे लेक मृणाल कुलकर्णीही त्यात आली. हीच मृणाल 1987 मध्ये 'स्वामी' मालिकेत रमाबाई म्हणून घराघरांत पोचली आणि 2014 मध्ये तिनं 'रमा माधव' दिग्दर्शित केला. 2024 साली वीणाताई गेल्या. या तीन पिढ्यांत प्रत्येकाचा व्यवसाय वेगळा. कादंबरीकाराची मुलगी कादंबरीकार झाली नाही, प्राध्यापिकेची मुलगी प्राध्यापिका झाली नाही. पुढे गेलं ते एवढंच: शब्द मोठ्यानं वाचायचे असतात, आणि गड पायांनी चढायचे असतात.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण 'आईबापांचं मुलानं पुढे चालवावं' या वाक्याला आपल्या देशात एक काळी बाजू आहे. आधी उजळ बाजू पाहू. कार्ल्याच्या चैत्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख आहेत. दारावरचा लेख सांगतो की हे दार धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुतारानं केलं, वेणुवासाच्या मुलानं. बाहेरच्या सिंहस्तंभावर दान देणारा महारठी अग्निमित्रणक स्वतःला गोतीचा पुत्र म्हणवतो, म्हणजे आईच्या नावानं. सुताराला बापाचं नाव, सरदाराला आईचं, दोन्ही दगडात. आत वर पाहिलं तर छताला लाकडाच्या कमानी आहेत, आणि लेण्याचा एकूण घाटही लाकडी इमारतीचा. लाकूडकामात मुरलेल्या हातांची समज पाषाणात उतरली आहे. मुलांना तिथं नेलं की मी हेच आधी दाखवायचे.

पण सुताराच्या पोरानं सुतारच व्हावं, ही सक्ती झाली तेव्हा तिची जात झाली. मैला उचलणाऱ्याच्या पोराला 'तुझ्या बापाचं काम तूच कर' म्हणणाऱ्या समाजात परंपरेचे गोडवे गाताना जीभ अडखळायला हवी. तळेगावातच बाबासाहेब आंबेडकरांचा बंगला आहे. त्यांना घडवणारे सुभेदार रामजी सकपाळ यांनी मुलाला कुठला पिढीजात धंदा दिला नाही. पोरानं पुस्तक मागितलं की लेकीचे दागिने गहाण ठेवून आणून दिलं, आणि अभ्यासासाठी त्याला भल्या पहाटे स्वतः उठवलं. बापाला पुस्तकाचं काय मोल वाटतं, हे त्या मुलानं रोज डोळ्यांनी पाहिलं. सुदुंबऱ्याचे संताजी जगनाडे तेली. घाणा घरचा, पण तुकोबांच्या सहवासात राहून त्यांचे अभंग लिहून ठेवण्याचं काम त्यांनी केलं. आईबाप धंदा देतात तेव्हा मूल अडकू शकतं. ते नजर देतात, कान देतात, एखाद्या कामाबद्दलची आच देतात, तेव्हा मूल त्यातून स्वतःचं काहीतरी उभं करतं.

आता आजच्या घरांत डोकावू. आमच्या भागात अभ्यास न करणाऱ्या पोराला धाक काय घातला जातो? 'शिकला नाहीस तर गुरं वळशील.' 'भात लावत बसशील चिखलात.' 'चिक्कीच्या दुकानात पुड्या बांधशील.' हे म्हणणारा बाप स्वतः गुरं वळून, भात लावून, दुकानात उभं राहून पोराची फी भरत असतो. त्याला पोराचं भलंच हवं असतं. भातशेतीत काय उरतं ते त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण मुलाच्या कानावर काय पडतं? माझा बाप जे करतो ती शिक्षा आहे. माझी आई जिथं वाकून उभी आहे ती जागा हरलेल्यांची आहे.

चिनुआ अचेबे या इग्बो लेखकाची 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही 1958 सालची कादंबरी याच जखमेवर बोट ठेवते. ओकोंक्वोचा बाप बासरीत रमणारा, कर्जबाजारी. 'आपण बापासारखं व्हायचं नाही' या एकाच भीतीनं ओकोंक्वो आयुष्य काढतो, आणि त्याच भीतीनं स्वतःच्या मुलाला, न्वोयेला, दामटवतो. मुलाला आवडतात आईच्या गोष्टी. बापाला खूश करायला तो लढायांच्या गोष्टी आवडल्याचं सोंग आणतो. शेवटी तो घर सोडून मिशनऱ्यांकडे जातो. लाज आणि धाक हेही संस्कारच असतात, आणि ते फार पक्के बसतात.

आमच्याकडे मिशनरी येत नाहीत, शनिवार-रविवार येतो. लोणावळ्याला गाड्यांची रांग लागते, भुशी धरणावर पाय ठेवायला जागा उरत नाही, आणि गावातली पोरं मक्याची कणसं भाजून विकतात. त्यांच्या घरची जमीन विकली गेली असेल तर तिथं आता कुंपण आहे, आणि फाटकावर त्यांचेच काका पहारेकरी. त्या पोराच्या नजरेतून पाहा. डोंगराचं मोल त्याला पहिल्यांदा कळतं ते मुंबईहून आलेल्या माणसाच्या तोंडून, आणि तेही गुंठ्याच्या भावानं. जुलै 2025 मध्ये लोहगडाचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं, इतर अकरा किल्ल्यांसोबत. ढोल वाजले, फलक लागले. छान झालं. पण ज्या पोराच्या बापानं त्याला कधी विंचूकाट्यावर नेलं नाही, त्याला हा वारसा कुणाचा वाटणार?

यावर मला लांबलचक योजना सुचवायच्या नाहीत. हाताशी असलेल्या दोन-तीन गोष्टी नीट वापराव्यात एवढंच.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची तरतूद आहे. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणत्या माणसांकडे शिकावं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. हे दिवस बऱ्याचदा सहलीत आणि फोटोंत उरकले जातात. मावळात हे दहा दिवस जुलैत घ्या. आवण काढणाऱ्या बायांच्या रांगेत पोरांना उभं करा. इरलं विणणारा म्हातारा शाळेत आणा. ओवी येणारी आजी आणा, रेल्वेचा निवृत्त गँगमन आणा. आणि त्यांना मानधन द्या, सरपंचांच्या हस्ते नाही, मुलांच्या हस्ते. 'गुरं वळशील' हे वाक्य पोराच्या कानातून काढायचं असेल तर गुरं वळणाऱ्याला शाळेत खुर्ची द्यावी लागेल.

दुसरी गोष्ट माझ्या विषयाची. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना आमच्याकडची पुष्कळ मुलं बसतात. इंटरमिजिएटला 'ए' श्रेणी मिळाली की दहावीला सात गुण वाढीव. त्यामुळे वर्ग भरले, हे खरं. त्याच वेळी स्मरणचित्राचे विषय पाठ करून घेण्याचा धंदाही भरला: 'बसस्थानक', 'बाजार', 'लग्नाची वरात', प्रत्येकाचं तयार चित्र. स्मरणचित्र म्हणजे आठवणीतलं चित्र, आणि आठवण शिकवणीवाल्याची. परीक्षकांनी एक करावं. ज्या चित्रात मुलाचं गाव ओळखू येतं, त्याला जास्त गुण द्यावेत. बाजार काढला तर तो कामशेतचा की कुठलाही, हे दिसलं पाहिजे. रेघ थोडी वाकडी असली तरी चालेल.

तिसरी गोष्ट आईबापांची, आणि तिला शासन निर्णय लागत नाही. इग्बो मुलखात ओवेरीच्या भागात 'म्बारी' नावाची मातीची घरं बांधत. आत मधोमध 'आला' ही धरणीदेवता बसलेली, आणि पुष्कळदा तिच्याजवळ मूल. आई आणि भुई एकाच मूर्तीत. गावातली निवडक माणसं महिनोन् महिने राबून ते घर उभं करत, मूर्ती घडवत, भिंती रंगवत. आणि पुरं झालं की तसंच सोडून देत. पावसानं ते विरघळत जाई. सांभाळून ठेवण्यासाठी ते बांधलेलंच नव्हतं. सगळ्यांनी मिळून ते करण्यात त्याचं पुण्य होतं.

आपल्याकडे पोरं दरवर्षी हे करतात. दिवाळीतला किल्ला. अंगणातली माती, दगडगोटे, पोत्याचं कापड, वर अळीव पेरायचे, मावळे उभे करायचे. तुळशीच्या लग्नापर्यंत तो खचतो. अलीकडे प्लास्टरचे तयार किल्ले दुकानात टांगलेले असतात आणि बाप ऑफिसातून येताना एक घेऊन येतो. जिथं हातानं किल्ला होतो तिथंही मोबाइलवर पाहून केलेला, बुरूज कुठल्या गडाचा आणि माची कुठल्या गडाची याचा पत्ता नसलेला.

या दिवाळीला मावळातल्या मंडळांनी, ग्रामपंचायतींनी आणि सोसायट्यांनी किल्ल्यांच्या स्पर्धेचे नियम बदलावेत. गड मावळातलाच हवा: लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची, यांपैकी कुठलाही. किल्ला करण्याआधी घरातल्या एका मोठ्या माणसानं मुलासोबत तो चढून आलेला असावा. आणि परीक्षकांनी घरी जाऊन मुलाला एकच प्रश्न विचारावा, 'ही माती कुठून आणली?' ज्या घरात उत्तर बापाला आणि पोराला दोघांनाही येतं, बक्षीस तिथं द्यावं.